सनदेआधीचे विषय

वकिलीचे शिक्षण घ्यावयाचे मनाशी ठरविलेल्या मुलाने अथवा मुलीने अकरावीस कोणती शाखा घ्यावी आणि त्या शाखेत कोणते विषय निवडावेत, हा प्रश्न दहावीचा निकाल लागल्यावर ज्या पालकांपुढे उभा राहतो, त्यांना त्याचे कायदेशीर उत्तर एका वाक्यात देता येते. त्या उत्तराने त्यांचे समाधान मात्र सहसा होत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाने, २००८ साली कायद्याच्या शिक्षणासंबंधी जे नियम केले, त्यांत बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी परीक्षा उत्तीर्ण असणे आणि किमान गुण मिळालेले असणे (सर्वसाधारण प्रवर्गास ४५, इतर मागासवर्गीयांस ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के), एवढ्यावरच भागविले आहे. अमुक विषय घेतलाच पाहिजे असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. डॉक्टर व्हावयाचे तर जीवशास्त्रावाचून गत्यंतर नसते, अभियंता व्हावयाचे तर गणित चुकत नाही. वकील होण्याला मात्र कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी काहीही चालते, आणि जेथे काहीही चालते तेथे जे सोपे असेल व ज्यात गुण पडतील ते घ्यावे, असा व्यवहारी निष्कर्ष घरोघर काढला जातो.

या निष्कर्षाचा पूर्वार्ध खरा आणि उत्तरार्ध घातक आहे. विषयाची अट नाही याचे कारण कायद्याला सर्वच विषयांशी कधी ना कधी गाठ घालावी लागते हे होय. जमिनीच्या मोजणीचा नकाशा, शवविच्छेदनाचा अहवाल, कंपनीचा ताळेबंद, रासायनिक पृथक्करणाचा दाखला आणि नव्वद वर्षांपूर्वीचे गहाणखत ही सारी एकाच न्यायाधीशापुढे, कधीकधी एकाच सप्ताहात, येऊन पडतात. मात्र यांतील प्रत्येक गोष्ट न्यायालयात येते ती शब्दांत येते, आणि त्या शब्दांवर विश्वास का ठेवावा हे कोणालातरी सिद्ध करून दाखवावे लागते. म्हणून माझे मत असे आहे की दोन भाषा पक्क्या कराव्यात, सिद्धतेची सवय लावणारा एखादा विषय घ्यावा, आणि राहिलेल्या जागा आपल्या आवडीने भराव्यात. शाखेच्या नावाची चिंता त्यानंतर करावी.

आपल्याकडील थोर कायदेपंडितांची पूर्वपीठिका पाहिली तर शाखेचा आग्रह किती व्यर्थ आहे ते ध्यानात येते. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले, १८७९ साली त्यांनी एल्एल्.बी. केले आणि पुढे पुण्यात कायद्याचा वर्गही चालविला. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे संस्कृतात आकंठ बुडालेले होते, तरी ते उच्च न्यायालयात वकिली करीत. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या या वकिलाला १९६३ साली भारतरत्न मिळाले. नानी पालखीवाला यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय घेऊन एम.ए. केले, आणि या वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे वकिलांच्या पिढ्यांनी मेजावर बाळगलेले पुस्तक निघाले ते आयकरावरचे. १९७३ साली निकालात निघालेल्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे त्यांनी जो युक्तिवाद केला, त्याने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त प्रस्थापित होण्यास हातभार लावला. गणित, संस्कृत, इंग्रजी : या तिघांच्या विषयांत समान असे काही नाही, समान आहे ते हे की तिघांनीही आपापला विषय कुंपणावरून पाहिला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण मात्र वेगळ्या कारणासाठी सांगावेसे वाटते. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसीकडे वळावे लागले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने आत्मसात केले, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळविली, लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि १९३५ साली मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. विषयांची निवड ही सर्वांनाच निवड म्हणून उपलब्ध नसते, हे आजही खरे आहे. महाराष्ट्राच्या उच्च माध्यमिक मंडळाच्या कला शाखेत तर्कशास्त्र नावाचा एक सुंदर विषय आहे. तो कित्येक तालुक्यांच्या गावी मिळत नाही, कारण तो शिकविणारा अध्यापक तेथे नाही. अशा वेळी जे मिळते त्यातून वाट काढावी लागते, आणि ती निघते.

भाषांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. शहरांतील कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावीला मराठीऐवजी फ्रेंच, जर्मन अथवा माहिती तंत्रज्ञान घेण्याची प्रथा पडली आहे, आणि तिचे समर्थन करताना कोणी परभाषेच्या प्रेमाचा दाखला देत नाही. त्या विषयांत गुण अधिक पडतात एवढेच सांगितले जाते. अभियंता होणाऱ्याने असे केले तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ज्याला महाराष्ट्रात वकिली करावयाची आहे, त्याने पंधराव्या-सोळाव्या वर्षी मराठीचा हात सोडणे म्हणजे आपल्या भावी पक्षकाराची भाषा सोडून देणे आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीतून चालते, पोलिसांकडील जबाब मराठीत लिहिले जातात, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र यांचे मसुदे बहुतांशी मराठीत होतात, आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला म्हणजे तो ज्या मराठीत बोलतो ती पाठ्यपुस्तकातलीही नसते. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या उमेदवाराला मराठी अस्खलित वाचता, लिहिता व बोलता आले पाहिजे, आणि मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत सहज भाषांतर करता आले पाहिजे, अशी अपेक्षा नियमांतच आहे.

याची प्रचीती घ्यावयाची असेल तर घरात असलेला सातबाराचा उतारा काढून तो पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत वाचून पाहावा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन कागदांचा तो जोड आहे. वरच्या भागात भूमापन क्रमांक, भूधारणा पद्धती, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, पोटखराबा आणि आकार, एका बाजूस कुळाचे नाव व इतर अधिकार, आणि खाली पिकांची नोंद. भोगवटादार वर्ग एक की वर्ग दोन, या एका अंकावर जमीन मोकळेपणाने विकता येईल की शासनाची पूर्वपरवानगी लागेल हे ठरते. ज्याचे नाव कमी झाले ते कंसात गेलेले असते, आणि ते का कमी झाले हे शेजारच्या फेरफार क्रमांकावरून शोधावे लागते. इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दडलेला असतो. हा एक पानाचा कागद बिनचूक वाचता येणारा पदवीधर आज दुर्मिळ आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयांतील किती दाव्यांचे मूळ या पानात असते ते तेथील कोणत्याही कारकुनास विचारावे. कागद आणखी मागे गेला तर तो मोडीत निघतो, आणि मोडी वाचणारा कोकणातल्या जुन्या खोतीच्या किंवा देशावरच्या इनामाच्या वादात अजूनही शोधावा लागतो. गोव्यात हीच गोष्ट पोर्तुगीजची आहे. तेथील कौटुंबिक कायद्याचा पाया १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता हा असल्यामुळे आणि जुने दस्त त्या भाषेत असल्यामुळे, गोमंतकातील विद्यार्थ्याने शाळेत पोर्तुगीज घेतली तर ती चैन समजू नये.

इंग्रजीची आवश्यकता वेगळ्या बाजूने येते. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाचे आणि सामान्यतः उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते, निकालपत्रे इंग्रजीत लिहिली जातात, आणि ती शंभर-दोनशे पृष्ठांची असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेशपरीक्षाही इंग्रजीतच होते : १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि तेही सुटे नव्हेत, सुमारे साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा द्यावयाचा आणि त्यावर प्रश्न विचारावयाचे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग युक्त्या पुष्कळ शिकवितात. परंतु ज्याने दोन वर्षे रोज एखादे इंग्रजी वृत्तपत्राचे संपादकीय आणि आठवड्याला एखादे पुस्तक वाचले, त्याला यांतील निम्म्या युक्त्यांची गरज पडत नाही, आणि ज्याने वाचलेच नाही त्याला त्या पुरत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या प्रवेश परीक्षा कक्षातर्फे २०१६ पासून होणाऱ्या सीईटीत चुकीबद्दल गुण वजा होत नाहीत आणि ती मराठीतूनही देता येते, त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दार बंद आहे असे मानण्याचे कारण नाही. तरीही पुढील पाच वर्षे इंग्रजीत वाचावयाचे आहे, ही गोष्ट त्याने अकरावीतच मनावर घ्यावी.

गणित सोडावयाला मिळते म्हणून कायद्याकडे वळणाऱ्यांची संख्या थोडी नाही. त्यांची निराशा करणे भाग आहे. क्लॅटमध्ये सुमारे एक-दशांश प्रश्न अंकगणिताचे असतात, दहावीच्या पातळीचे का होईनात. पण परीक्षेचे सोडून देऊ, कायद्यातच अपूर्णांक ठाण मांडून बसले आहेत. सांगलीच्या दिवाणी न्यायालयात १९६०च्या दशकात आलेला एक वाटणीचा दावा पाहावा. एक गृहस्थ १९६० साली निवर्तले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, त्यांच्या मृत्यूच्या लगतपूर्वी कुटुंबाची वाटणी झाली असे गृहीत धरावयाचे होते. त्या कल्पित वाटणीत बाप आणि दोन मुलगे यांना तर हिस्सा मिळतोच, परंतु आमच्याकडील रीतीप्रमाणे बाप-मुलांत वाटणी होते तेव्हा आईलाही मुलाएवढा हिस्सा मिळतो. म्हणजे चौघांचा प्रत्येकी १/४. नंतर मृताचा १/४ हिस्सा पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली अशा सहा वारसांत जातो. म्हणजे प्रत्येकास १/२४. प्रश्न असा की विधवेला केवळ तो १/२४ द्यावयाचा, की कल्पित वाटणीतला तिचा स्वतःचा १/४ त्यात मिळवून ७/२४ द्यावयाचा? सांगलीच्या न्यायालयाने १/२४ दिला, मुंबई उच्च न्यायालयाने ७/२४ दिला, आणि ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९७८च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तो ७/२४ कायम केला. एकदा वाटणी झाली असे गृहीत धरल्यावर त्या गृहीताचे सर्व परिणाम स्वीकारले पाहिजेत, अर्ध्या वाटेवर थांबता येत नाही, असा त्यामागील विचार होता. बेरीज चौथीच्या मुलाला येण्यासारखी आहे; गृहीत धरलेली गोष्ट शेवटपर्यंत न डगमगता नेणे ही शिस्त मात्र भूमितीच्या तासालाच लागते. २००५च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांच्या बरोबरीने जन्मसिद्ध हिस्सा मिळाल्यावर याच कुटुंबाचे गणित कसे बदलले असते, ते वाचकाने कागद घेऊन करून पाहावे. पत्नीच्या वाट्याला १/६ आला तर उत्तर बरोबर समजावे.

ज्याला गणिताचे खरेच वावडे आहे त्याने तर्कशास्त्र घ्यावे, आणि ज्याला तर्कशास्त्र मिळत नाही त्याने वाणिज्य शाखेतील पुस्तपालन व लेखाकर्म हलके मानू नये. जमा आणि खर्च या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय उठावयाचे नाही ही सवय वकिलाच्या फार उपयोगी पडते. वाणिज्य शाखेत चिटणिसाची कार्यपद्धती नावाचा जो विषय असतो, त्याच्या नावाला हसणाऱ्यांनी त्यातील कंपनीच्या सभा, भाग, ऋणपत्रे आणि पत्रव्यवहार यांवरील प्रकरणे उघडून पाहावीत; पुढे कंपनी कायद्याच्या तासाला हीच मंडळी ओळखीची निघतात. न वटलेल्या धनादेशांच्या फिर्यादींनी आपली फौजदारी न्यायालये भरून गेली आहेत. त्या फिर्यादीचे सारे तंत्र तारखांचे आहे : धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोहोचल्यापासून पंधरा दिवस देणेकऱ्याला मुदत, आणि त्यानंतर एका महिन्याच्या आत फिर्याद. विलंब झाला तर तो माफ करून घेण्याची पाळी येते. हिशेबाची वही नीट ठेवणाऱ्या मुलाकडून या तारखा सहसा चुकत नाहीत.

विज्ञान शाखेविषयी पालकांचा मोह असा असतो की ती घेतल्याने सर्व दारे उघडी राहतात. दारे उघडी राहतात हे खरे, पण त्यांतून ये-जा करणाऱ्याची दमछाक होते हेही खरे. वैद्यकीय प्रवेशाचा अभ्यास अर्धवट सोडून बारावीच्या मार्च महिन्यात कायद्याकडे वळणारी मुले दोन्हीकडचे वाचन अपुरे घेऊन येतात. ज्याला रसायनशास्त्र अथवा जीवशास्त्र मनापासून आवडते त्याने ते अवश्य घ्यावे आणि त्यातच पदवी घेऊन मग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला यावे. १९७०च्या एकस्व कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला पेटंट म्हणतो त्या क्षेत्रात, अभिकर्ता म्हणून नोंदणी होण्यास विज्ञानाची अथवा तंत्रशास्त्राची पदवी लागते. कायद्याची पदवी एकटी तेथे पुरत नाही. कायद्याच्या व्यवसायात विषयाची अट उघडपणे घातलेली अशी जागा माझ्या माहितीत हीच, आणि ती अट विज्ञानाची आहे.

कला शाखेतील इतिहास आणि राज्यशास्त्र यांची शिफारस सर्वचजण करतात, मीही करतो, फक्त एक पुस्ती जोडून. इतिहास जर सनावळ्या म्हणून शिकविला जात असेल तर त्याचा कायद्याला उपयोग शून्य. अमुक घटनेचा पुरावा कोणता, तो कोणी लिहिला, लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ काय होता, असे विचारणारा शिक्षक लाभला तर त्या तासाला विद्यार्थी नकळत उलटतपासणीच शिकत असतो. केंद्रीय मंडळाच्या शाळांत ‘लीगल स्टडीज’ हा विषय अकरावी-बारावीला मिळतो. तो वाईट नाही, मुलाला कायद्यात गोडी आहे की नाही हे त्यावरून कळते. परंतु त्यात शिकविलेले सर्व काही पुढे पहिल्याच वर्षी पुन्हा शिकविले जाते, आणि तो घेतला म्हणून प्रवेशात एक गुणही अधिक मिळत नाही. तो मिळत नाही म्हणून शाळा बदलणाऱ्यांना मी तसे करू नये असेच सांगेन.

आता पाच वर्षांचा अभ्यासक्रम की तीन वर्षांचा, हा प्रश्न उरतो. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली १९८८ साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी घेतली, त्याच धर्तीची विद्यापीठे पुढे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे झाली, आणि तेव्हापासून बारावीनंतर थेट कायदा ही वाट प्रतिष्ठेची समजली जाते. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासून आणि पुण्याचे आय.एल.एस. १९२४ पासून चालू आहे. तेथे दोन्ही वाटांनी जाता येते. दोन्हींच्या शेवटी मिळणारी सनद एकच, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची, आणि तिच्यानंतरची अखिल भारतीय परीक्षाही एकच. सतराव्या वर्षी ज्याचा निश्चय झालेला आहे त्याने पाच वर्षांची वाट धरावी. ज्याचा झालेला नाही त्याने आवडत्या विषयात पदवी घ्यावी, कारण अर्थशास्त्र किंवा संस्कृत तीन वर्षे मन लावून शिकलेला विद्यार्थी कायद्याच्या वर्गात मागे पडल्याचे सहसा दिसत नाही. घरी पैशाची ओढ असेल तर पदवी हाती आल्यावर नोकरी करता येते, हाही विचार क्षुल्लक नव्हे.

अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी मात्र पालकांनी एक गोष्ट करावी. जवळच्या तालुका न्यायालयात मुलाला किंवा मुलीला घेऊन सकाळी अकराच्या सुमारास जावे आणि मागच्या बाकावर दोन तास बसावे. न्यायालये सामान्यतः सर्वांना खुली असतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, फी भरावी लागत नाही. फक्त मोबाइल बंद ठेवावा लागतो. पुकारा होताना, तारखा पडताना, एखादी साक्ष चाललेली असताना जे कानांवर येईल त्यातले किती समजले आणि किती समजून घ्यावेसे वाटले, हे घरी परतल्यावर मुलाला विचारावे, आणि मग अर्जातील विषयांचे रकाने त्याचे त्याला भरू द्यावेत.